सव्वासहा टन

पाविलोस्ताच्या बंदरामागे विटांची एक शेड.
कधीकाळी तिथे मासे धुरवायचे,
आता इल्ग्वार्स बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
पण ओल झाली की भिंती अजून हेरिंगचा वास सोडतात.

मला बोलावलं ते एवढ्यासाठी:
"पाच टनांची क्रेन बसवायचीय, आत.
भिंतींवर रूळ टाकू, झालं."
झालं, म्हणे.

मी नकाशे मागितले.
ते शेगडीत गेले म्हणाला, ब्याण्णवच्या थंडीत.
मग हातोडी घेऊन भिंतीलाच विचारत फिरले.
टक्. टक्.
तिसऱ्या खिडकीपाशी आवाज पोकळ,
चुन्यात माझं नख रुतलं.

भिंतीला कान असतात, सगळेच सांगतात.
खांदे असतात असं कुणी सांगितलं?
हिने जन्मभर पत्रा पेलला आणि बर्फ,
वरून खाली येणारं, निमूट, हंगामी ओझं.
क्रेनचं ओझं चालतं,
ब्रेक लागला की आडवं ढकलतं.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं
आणि या वयात मी शिकवणार नव्हते.

वर पाहिलं. मधल्या कैचीला एक आकडा,
घासून घासून चांदीसारखा,
आणि खालचा दांडा जरासा पोक आलेला.
"यावरून काय उचलायचात?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे किती किलो?"
तो बुटांकडे पाहत राहिला.
"नऊशे. कधी कधी."

शेवटी ठरलं, इमारतीला हात लावायचा नाही.
आत दुसरा सांगाडा उभा करायचा,
आठ पोलादी खांब, ज्याचा त्याचा पाया,
भिंतीपासून चार बोटं अंतर राखून.
एका घरात राहायचं, पण चूल वेगळी.

फरशी कापली. खाली वाळू,
वाळूखाली, दीड मीटरवर,
समुद्र आधीच येऊन बसलेला.
पंप रात्रंदिवस चालला.
त्याची नात माडारा दर दोन तासांनी उठायची,
डिझेल ओतायची, पुन्हा पोत्यांवर आडवी व्हायची.

खर्चाचा कागद देताना मी विचारलंच,
इतकी वर्षं भागलं की. आताच का?
"इतकी वर्षं आठ जण होते," तो म्हणाला
आणि ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांवर मोजायला लागला.
युरिस डब्लिनला, अळिंब्यांच्या शेडमध्ये.
ग्विडो आणि त्याचा भाऊ ब्रेमेनला.
तालिवाल्डिस पाइनच्या झाडांखाली, जरा लवकरच.
पुढच्यांचे फोन लागत नाहीत.
"इंजिनाखाली आठ पाठी लागायच्या.
आता मी आणि ही पोरगी."

चाचणीचा दिवस.
पाच टनांच्या क्रेनने सव्वासहा उचलून दाखवायचे,
जेवढं मागणार त्याहून सव्वापट आधीच घ्यायचं,
मग कायमचं सुटायचं.
वजनं कुठून आणणार? पाण्याची पिशवी टांगली.
बंबाच्या नळीने ती तीन तास भरत राहिली,
गाभण गाईसारखी खाली खाली येत.
कुणी बोललं नाही.
मी भिंगाला डोळा लावून मिलिमीटर मोजत होते,
तेव्हा भिंगात एक अक्षर आलं.
मग दुसरं.
प्रत्येक खांबावर, छातीच्या उंचीला, खडूने नाव.

चौथा खांब दोन मिलिमीटर खचला.
"कुठला?" त्याने लांबून विचारलं.
मी आकडा न सांगता नाव वाचलं. युरिस.
"हं. तो नेहमीच उशिरा जोर लावायचा."

अहवालात मी लिहिलं: खांब क्रमांक चार, दोन मिमी, मर्यादेत.
माडारा पिवळ्या रंगाचा डबा उघडून उभी होती.
"नावांवरून फिरवू ब्रश?"
"फिरव. गंज त्यांनाही लागेल."

मग पाणी सोडलं.
ते फरशीवरून, भिंतींच्या पायाशी रेंगाळत,
दाराखालून बंदराकडे गेलं,
आणि शेडभर पुन्हा हेरिंगचा वास.